शहरातल्या कॅफेंमधला उत्तम मिल्कशेक शोधायचा कसा?

पेलाभर

नमस्कार मंडळी,

शहरातल्या कॅफेंमधून सर्वांत चांगला मिल्कशेक शोधून काढायचा आहे. यादीत १५ कॅफे आहेत, चाखणारे तिघे आहेत आणि दीड महिना हाताशी आहे. ऑनलाइन रेटिंगचा फारसा उपयोग होत नाही. तिथे गुण मिळतात सजावटीला, बसायच्या जागेला आणि वर खोचलेल्या बिस्किटांना. शेकबद्दल 'मस्त' याखेरीज क्वचित काही लिहिलेलं असतं.

म्हणून कॅफेंची नावं नकोत, पारखायची पद्धत हवी आहे. सगळीकडे एकच फ्लेवर मागवावा की जिथला जो प्रसिद्ध तो? शेक दाट असला म्हणजे चांगला, असं धरून चालता येतं का? काउंटरवर उभं राहून काय बघावं? आणि एका दिवशी किती शेक चाखले तर जीभ खरं सांगते? ज्यांनी शेक बनवण्याचं काम जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

रवीवाला

पहिल्या फेरीत सगळीकडे व्हॅनिलाच मागवा. चॉकलेट, कॉफी, पीनट बटर यांच्या तीव्र चवीखाली हलकं आइस्क्रीम, फ्रीझरचा वास, जादा साखर, सगळं झाकलं जातं. व्हॅनिलाला लपायला जागा नसते. मागवताना सांगा: वर क्रीम नको, सिरप नको, बर्फ नको. 'बर्फ आम्ही घालतच नाही' असं उत्तर आलं तर कॅफेची सुरुवात चांगली झाली. बर्फाशिवाय घट्ट होणार नाही असं म्हणाले, तर तिथे आइस्क्रीम कमी पडतंय हे मागवण्याआधीच कळलं.

पेल्यात काय असायला हवं ते आधी आकड्यांत सांगतो. दाट शेकसाठी वजनाने दोन भाग आइस्क्रीम आणि एक भाग दूध, म्हणजे २०० ग्रॅम आइस्क्रीमला १०० मिलि. दूध. थोडा पातळ, सहज ओढता येईल असा हवा तर दूध १५० मिलि.पर्यंत चालतं. त्यापुढे गेलं की ते आइस्क्रीम विरघळवलेलं थंड दूध होतं. दूध ४ अंश सेल्सिअसला, आइस्क्रीम उणे १२ ते उणे १५ अंशांना, आणि तयार शेक पेल्यात पडताना उणे २-३ अंशांच्या आसपास असावा. साखरेमुळे त्या तापमानाला सगळं पाणी गोठत नाही. अतिशय बारीक बर्फकण, चरबीचे थेंब आणि हवेचे बुडबुडे गोड दुधात तरंगत राहतात. आपण ज्याला दाटपणा म्हणतो तो हाच.

दुधाचं तापमान किरकोळ वाटतं, पण हिशेब करून बघा. १०० मिलि. दूध ४ऐवजी १५ अंशांचं घातलं, तर त्याच्यासोबत सुमारे ४.३ किलोज्यूल जादा उष्णता येते आणि तेवढ्यात साधारण १३ ग्रॅम बर्फ वितळतो. २०० ग्रॅम आइस्क्रीममध्ये घट्ट बर्फ असतो ९०-१०० ग्रॅम. म्हणजे केवळ दुधाची पिशवी ओट्यावर राहिली म्हणून सातवा-आठवा हिस्सा दाटपणा गेला. गर्दीच्या वेळी शेक पातळ येण्याचं हे एक साधं कारण, आणि ते काउंटरवरून दिसतंही.

दुसरा घोळ हवेचा. आइस्क्रीम गोठवताना त्यात हवा भरतात, तिला धंद्यात ओव्हररन म्हणतात. १०० टक्के ओव्हररन म्हणजे मिश्रणाच्या आकारमानाइतकीच हवा. २५ टक्के ओव्हररन असलेलं आइस्क्रीम मिलिलिटरमागे साधारण ०.८८ ग्रॅम भरतं, १०० टक्केवालं ०.५५ ग्रॅम. ८० मिलि.चे तीन स्कूप घेतले तर पहिल्याचे २११ ग्रॅम होतात, दुसऱ्याचे १३२. कॅफेत मोजमाप वजनाने नसतं, स्कूपने असतं. 'तीन स्कूप आणि १०० मिलि. दूध' ही एकच कृती एका ठिकाणी दाट शेक देते आणि दुसऱ्या ठिकाणी पाणचट, ती यामुळे. तिथे शेक करणाऱ्या माणसाचा हात चुकत नसतो, माल हलका असतो.

आता दाट म्हणजे चांगला का? नाही. दाटपणा गोंदानेही आणता येतो. ग्वार गम, कॅराजीनन, सीएमसी अशा घट्ट करणाऱ्या पदार्थांचा किंचित वापर बहुतेक बाजारी आइस्क्रीममध्ये असतो आणि त्यात वावगं काही नाही. पण शेकमध्ये वरून घट्ट करणारी पावडर टाकली असेल तर ती ओळखता येते. चमचाभर शेक बशीत काढून १५ मिनिटं ठेवा. आइस्क्रीमचा दाटपणा थंडीमुळे असतो, म्हणून तो सायीच्या दुधासारखा पसरतो. गोंदाचा दाटपणा थंडीवर अवलंबून नसतो, म्हणून गोळा तसाच थरथरत राहतो आणि चमचा उचलला की तार सुटते.

चरबीची पारख तोंडातच होते. दुधाची चरबी तोंडाच्या उष्णतेला जवळपास पूर्ण वितळते आणि घोट गिळल्यावर टाळू स्वच्छ होते. काही वनस्पती चरबी तेवढ्या उष्णतेला पूर्ण वितळत नाहीत, त्यांचा मेणचट थर टाळूला राहतो. अनेक देशांच्या नियमांत वनस्पती तेलाच्या अशा पदार्थाला आइस्क्रीम म्हणता येत नाही, त्यावर 'फ्रोझन डेझर्ट' किंवा तत्सम वेगळं नाव असतं. फ्रीझरमधल्या डब्यावरचं नाव वाचा, विचारण्यापेक्षा ते खात्रीचं.

आणि शेवटचा घोट कधीच सोडू नका. थंडीत गोडी दबते. पहिल्या घोटाला बेताचा वाटलेला शेक २० मिनिटांनी असह्य गोड लागला, तर साखर जास्तच होती. चांगला शेक कोमट होत आला तरी प्यावासा वाटतो.

---

स्टीलचा_डबा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी काउंटरचं लिहितो, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

यंत्रं तीन तऱ्हेची दिसतील. पहिलं उभं स्पिंडल मिक्सर: वरून खाली आलेला दांडा, त्याच्या टोकाला छोटी नागमोडी चकती, आणि खाली अडकवलेला उंच स्टीलचा डबा. चकतीला धार नसते. ती आइस्क्रीम कापत नाही, घुसळते आणि हवा आत खेचते. दुसरं ब्लेंडर. त्याची पाती बर्फकण बारीक करतात, पण वेगाने फिरताना उष्णताही निर्माण करतात. तिसरं दांडी ओढून शेक पेल्यात सोडणारं यंत्र, ज्यात तयार मिश्रण ओतलेलं असतं. तिसऱ्यातला शेक दरवेळी अगदी सारखा येतो, पण सगळ्या फ्लेवरांचा पाया तोच आणि फरक फक्त सिरपचा. तुमच्या यादीत असे कॅफे असतील तर मागे ठेवा.

ब्लेंडर दिसला म्हणून मात्र कॅफे बाद करू नका. ब्लेंडरमध्ये उत्तम शेक होतो, फक्त हात आवरता आला पाहिजे. दूध तळाला, मग सिरप किंवा अर्क, वर आइस्क्रीम, आणि ४-५ छोटे झटके, सगळं मिळून १०-१५ सेकंद. बिघडतं कुठे ते बघा. आइस्क्रीम साठवणीच्या फ्रीझरमधून थेट उणे १८ अंशांचं दगडासारखं येतं. जारमध्ये पात्यांभोवती पोकळी तयार होते, पाती हवेत फिरत राहतात आणि वरचा गोळा जागचा हलत नाही. मग करणारा दूध ओततो. तरी हलत नाही, अजून ओततो. तेवढ्यात गोळा सुटतो आणि शेक पातळ होऊन बसतो. ज्या कॅफेत स्कूप काढायचं आइस्क्रीम वेगळ्या, जरा कमी थंड कपाटात ठेवतात तिथे हे सहसा होत नाही. नीट चालणाऱ्या ठिकाणी यंत्र थांबवून लांब चमच्याने गोळा खाली दाबतात, दुधाला हात लावत नाहीत.

स्पिंडलवर वेळ जास्त लागतो, ४५ सेकंद ते एक मिनिट. चांगला करणारा डबा वर-खाली हलवत राहतो, म्हणजे तळाचा गोळा चकतीखाली येतो. डब्याच्या बाहेरून पांढरं दव किंवा हिमाचा थर धरला की आतलं तापमान बरोबर आहे. डबे आधीच फ्रीझरमध्ये ठेवत असतील तर फारच छान. स्टील उष्णता चटकन वाहून नेतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाचा डबा शेकमधली थंडी खेचतो. पेल्यात ओतून उरलेला शेक डब्यासकट टेबलावर देण्याची जुनी रीत जिथे पाळतात तिथे दुसरा पेलाही बराच थंड मिळतो. ही रीत दिसली तर माझ्याकडून एक गुण जास्त.

मेन्यूवर 'माल्ट' आहे का तेही बघा. सातूच्या माल्टाची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, पावडर व्हॅनिला किंवा चॉकलेट शेकमध्ये दोन टेबलस्पून घातली की भाजक्या धान्याची, किंचित खारट चव येते आणि गोडी सपाट राहत नाही. आइस्क्रीमवाला शेक लोकप्रिय झाला तोही माल्टच्याच वाटेने: शिकागोतल्या वॉलग्रीन्स या औषधदुकानाच्या काउंटरवर १९२२ साली तिथले कर्मचारी आयव्हर कूल्सन यांनी माल्टेड दुधात आइस्क्रीम घातलं. माल्टची पावडर ताजी आणि कोरडी हवी. डबा उघडा राहिला की ती ओलावा धरते, गुठळ्या होतात आणि त्या शेकमध्ये दाताखाली चिकट लागतात.

नावांवर जाऊ नका, हे राहिलंच. काही ठिकाणी 'मिल्कशेक' म्हणजे आइस्क्रीम नसलेलं घुसळलेलं दूध, आणि आइस्क्रीमवाला हवा तर 'थिक शेक' म्हणावं लागतं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात त्यालाच 'फ्रॅप' म्हणतात. दुसरीकडे फ्रॅप म्हणजे बर्फ आणि कॉफी. एकच प्रश्न विचारा: 'यात आइस्क्रीमचे किती स्कूप असतात?' उत्तर लगेच आणि आकड्यात आलं पाहिजे.

---

पेलाभर

फारच उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. शेक कधी कधी रवाळ लागतो, ती चूक दुधाची, आइस्क्रीमची की यंत्राची? आणि फळांचे शेक पहिल्या फेरीत घेऊच नयेत का? तिघांपैकी एकाला स्ट्रॉबेरीच हवी असते.

---

रवीवाला

रवाळपणा दोन प्रकारचा असतो आणि जिभेवर दोन्हींत फरक कळतो. कण जिभेवर लगेच विरघळले आणि पाणी झाले तर तो बर्फ. फ्रीझरचं झाकण सारखं उघडझाप झालं की आइस्क्रीम वरवर वितळतं आणि पुन्हा गोठतं. पुन्हा गोठताना नवे बारीक कण तयार होत नाहीत, जुनेच कण ते पाणी घेऊन मोठे होतात. डब्याच्या कडेला बर्फाचे काटे आणि आइस्क्रीम आक्रसून कडेपासून सुटलेलं दिसलं की हेच झालं आहे असं समजा. घुसळून ते कण पुरते जात नाहीत. शेकमध्ये वेगळा बर्फ टाकला असेल तरीही असंच लागतं, फक्त कण ओबडधोबड असतात आणि १० मिनिटांत तळाशी पाणचट थर येतो.

कण विरघळायला वेळ घेत असतील, बारीक वाळू चावल्यासारखं वाटत असेल, तर ते लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. दुधाची पावडर जास्त असलेल्या आइस्क्रीममध्ये ती स्फटिक होऊन बसते आणि थंड दुधात लवकर विरघळत नाही. हा दोष तिथल्या मालातच आहे, पुन्हा गेलात तरी तसाच मिळण्याची शक्यता जास्त. बर्फाचा दोष मात्र त्या दिवशीचा असू शकतो. अशा कॅफेला दुसरी संधी द्या, पण सकाळी, गर्दीच्या आधी.

---

दुधाळ_मिशी

फळांबद्दल मी लिहिते. स्ट्रॉबेरी अवश्य घ्या, फक्त दुसऱ्या फेरीत, कारण तिच्यात कॅफेची तयारी दिसते.

ताज्या स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. २०० ग्रॅम आइस्क्रीमला १०० ग्रॅम फळ घातलं तर दूध ५०-६० मिलि.वर आणावं लागतं. बरेच ठिकाणी दूध तेवढंच ठेवतात आणि वर फळ घालतात, म्हणून फळांचा शेक हमखास पातळ येतो. त्यावरचा योग्य उपाय म्हणजे फळ थोड्या साखरेत मंद आचेवर आटवून, पूर्ण गार करून ठेवणं. रस दाट होतो आणि चवही एकवटते. गोठवलेलं कच्चं फळ घातलं तर दाटपणा मिळतो, पण घुसळल्यावर बर्फाचे कण मागे राहतात.

स्ट्रॉबेरी आंबट असते आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ४.६ सामूच्या आसपास फाटतं. थंड असताना आणि प्रमाण आवाक्यात असताना काही होत नाही. पण आदल्या दिवशी करून ठेवलेल्या किंवा फार आंबट फळाच्या शेकमध्ये कडेला बारीक कणी दिसते. लिंबूवर्गीय फळांचा रस दुधाच्या शेकमध्ये घालणारा कॅफे असेल तर तो शेक लगेच प्या नाहीतर मागवूच नका.

रंगही बोलतो. खऱ्या स्ट्रॉबेरीचा शेक फिकट, किंचित मळकट गुलाबी असतो आणि तळाशी बिया सापडतात. भडक गुलाबी आणि बीच नाही, म्हणजे सिरप. केळ्याचा शेक पिवळा नसतो, मळकट पांढरा असतो आणि उघडा राहिला की वरून तपकिरी पडतो, जसं कापलेलं केळं पडतं. पिवळाधमक, तासाभरानेही न बदलणारा केळ्याचा शेक म्हणजे रंग आणि इसेन्स. केळं पिकून सालीवर ठिपके आलेलं हवं. अर्धकच्चं असेल तर घशाला तुरटपणा राहतो.

सर्वांत महत्त्वाचं: ताजं अननस, किवी आणि कच्ची पपई यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, अनुक्रमे ब्रोमेलेन, ॲक्टिनिडिन आणि पपेन. ती दुधातली प्रथिनं तोडू लागतात आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. शेक करताक्षणी छान, पाव तासाने कडवट, हा प्रकार त्यामुळे होतो. अननस आधी शिजवलेलं किंवा डब्यातलं असेल तर उष्णतेने विकरं निकामी झालेली असतात आणि शेक टिकतो. म्हणून अननसाच्या शेकमध्ये डब्यातलं फळ वापरलं तर कमीपणा मानू नका, तिथे तेच बरोबर आहे.

---

कडू_गोड

रवीवाला, व्हॅनिलाचं पटतं, पण निव्वळ व्हॅनिलावर निकाल लावायला माझा विरोध आहे. व्हॅनिला शेकमध्ये तुम्ही खरं तर आइस्क्रीम बनवणाऱ्याला गुण देता. कॅफेची स्वतःची मेहनत चॉकलेट आणि कॉफीत दिसते, कारण तिथे त्यांना काहीतरी बनवावं लागतं.

चॉकलेट घ्या. कोको पावडर थंड दुधात विरघळत नाही, तरंगते, आणि घुसळल्यावरही जिभेवर भुकटी राहते. ती आधी गरम पाण्यात साखरेसोबत उकळून सिरप करावी लागते: १०० ग्रॅम कोकोला १५० ग्रॅम साखर, २०० मिलि. पाणी आणि चिमूटभर मीठ, २-३ मिनिटं उकळून गार. एका शेकला ३०-४० मिलि. पुरतं. काही कॅफे वितळवलेलं चॉकलेट थेट जारमध्ये ओततात. ते उणे तापमानाला लगेच थिजतं, शेकभर बारीक कडक कपचे होतात आणि त्यांची चव येतच नाही, कारण ते तोंडात वितळायच्या आत गिळले जातात. चॉकलेटच वापरायचं तर ते गरम दुधात किंवा क्रीममध्ये नीट मिसळून, गार करून मगच घालायला हवं.

कॉफीतही तीच परीक्षा. यंत्रातून निघालेली गरम एस्प्रेसो आइस्क्रीमवर ओतली की शेक संपला. दोन शॉट म्हणजे साधारण ६० मिलि. होतात, ते आधी थंड केलेले असावेत आणि दूध तेवढंच कमी केलेलं असावं. काउंटरवर कॉफीची थंड बाटली दिसली की तिथे विचार केलेला आहे.

माझं मत असं: पहिली फेरी व्हॅनिलाची, गाळणी म्हणून. दुसऱ्या फेरीत चॉकलेट सर्वांकडे आणि त्याशिवाय त्या कॅफेचा स्वतःचा एक. मेन्यूत ४० फ्लेवर असतील तर त्यातले बहुतेक बाटल्यांतले सिरप असतात, ७-८ असतील तर निदान शक्यता तरी वाढते.

---

रवीवाला

मान्य. चॉकलेटची दुसरी फेरी माझ्या पद्धतीत नव्हती, ती असायला हवी.

---

कोरडा_फडका

चवीच्या आधीची एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. शेकचं यंत्र धुतात कसं ते बघा.

लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या तापमानालाही वाढतो आणि गोठवल्याने मरत नाही. अमेरिकेतल्या टकोमा शहरात २०२३ साली एका उपाहारगृहाच्या नीट न धुतलेल्या आइस्क्रीम यंत्रांत तो सापडला. तिथले मिल्कशेक पिऊन सहा जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि तिघांचा मृत्यू झाला. तयार मिश्रणाच्या यंत्रात आतले नळ, रबरी रिंगा, तोंडाजवळची खाच अशा जागी दूध अडकतं, आणि यंत्र सुटं करून धुतल्याशिवाय ते निघत नाही. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी अशा यंत्रातला शेक टाळावा, स्वच्छ डब्यात समोर घुसळलेला घ्यावा.

स्पिंडलच्या दांड्यावर वाळलेल्या दुधाची पांढरी पुटं, ब्लेंडरच्या झाकणाच्या रबराखाली काळपट रेघ, स्कूप साठलेल्या गढूळ पाण्यात बुडवून ठेवलेला, यांपैकी एकही दिसलं तर मागवू नका. स्कूप वाहत्या पाण्याखाली असावा किंवा दरवेळी धुतलेला. प्रत्येक शेकनंतर स्पिंडल स्वच्छ पाण्याच्या डब्यात काही सेकंद फिरवतात का, तेही बघा. जेमतेम पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

शेंगदाणा किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेला माणूस सोबत असेल तर पाण्यात फिरवलेला स्पिंडल पुरेसा नाही. वेगळा, साबणाने धुतलेला डबा आणि चकती मागा. 'आत्ता पुसला' हे उत्तर स्वीकारू नका. माल्टच्या पावडरीत सातू आणि बहुधा गहूही असतो, म्हणून ग्लुटेन चालत नसणाऱ्यांनी तीच काळजी घ्यावी.

---

अर्धा_पेला

चाखायच्या आखणीबद्दल.

एका फेरफटक्यात तीन कॅफे, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक ठिकाणी तिघांत मिळून एकच शेक. म्हणजे दिवसाअखेर प्रत्येकाच्या पोटात एक शेक जातो. २०० ग्रॅम आइस्क्रीमच्या व्हॅनिला शेकमध्ये आइस्क्रीम बनवताना घातलेली साखर साधारण ३० ग्रॅम असते आणि सिरप आला की ५०च्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला ५० ग्रॅम, शक्यतो २५ अशी आहे. त्यामुळे वाटून घेणं जिभेसाठीही बरं आणि तब्येतीसाठीही. १५ कॅफे म्हणजे पाच फेरफटके, आठवड्याला एक, आणि शेवटचा आठवडा वरच्या चार-पाचांच्या चॉकलेट फेरीला. दीड महिना बरोबर पुरतो. त्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी दोनच कॅफे घ्या, कारण तिथे प्रत्येक ठिकाणी दोन शेक होतील.

दोन शेकमध्ये किमान ४५ मिनिटं जाऊ द्या. थंडीने जीभ बधिर होते आणि तिसरा शेक उगाच कमी गोड वाटतो. मध्ये साधं, थंड नसलेलं पाणी आणि पावाचा तुकडा पुरे.

शेक आला की घड्याळ लावा. पहिला घोट दोन मिनिटांच्या आत, दुसरी नोंद १० मिनिटांनी, तिसरी २० मिनिटांनी. शेक येताच तिघांनी आपापला वाटा सारख्या साध्या पेल्यांत काढावा आणि गुण लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. एकाने 'वा!' म्हटलं की बाकीच्यांचे दोन-तीन गुण वाढतात. गुणांची विभागणी अशी चालेल: चव ४०, पोत आणि दाटपणा ३०, गोडीचा तोल १५, शेवटचा घोट १५. सजावटीला शून्य. स्ट्रॉ सगळीकडे स्वतःची एकच वापरा, ८ मिलिमीटर व्यासाची. कॅफेत कुठे ६ची मिळते, कुठे १२ची, आणि तोच शेक अरुंद स्ट्रॉतून दाट, रुंद स्ट्रॉतून पातळ भासतो.

रेटिंग पूर्ण सोडू नका, फक्त वेगळं वाचा. तारे बघू नका, लोकांनी टेबलावर काढलेले फोटो मोठे करून बघा. पेल्याच्या वरच्या भागात मोठ्या बुडबुड्यांचा कोरडा फेस आणि खाली पातळ दूध असे दोन थर दिसले तर आइस्क्रीम कमी आहे. काचेला आतून जाड, सावकाश उतरणारा लेप दिसला तर जाण्यासारखं आहे. आणि गेल्या तीन-चार महिन्यांतलेच अभिप्राय धरा. आइस्क्रीम पुरवणारा बदलला की जुना अभिप्राय निरुपयोगी होतो.

---

पेलाभर

सगळं उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: दोन कॅफेंत बसायची सोयच नाही, फक्त पार्सल. त्यांना इतरांबरोबर मोजायचं कसं? आणि सोबत येणारा एक जण दूध पीत नाही, त्याच्यासाठी वनस्पती दुधाचा शेक मागवला तर काय बघावं?

---

स्टीलचा_डबा

पार्सल घरी नेऊन मोजू नका, दारातच उभं राहून प्या, घड्याळ तिथेच लावा. न्यायचाच असेल तर १५ मिनिटांच्या आत पोहोचेल एवढंच अंतर धरा, 'दूध २० मिलि. कमी घाला' असं सांगा, झाकणाला भोक पाडू देऊ नका आणि कप गोठवलेल्या जेलच्या पाकिटासोबत जाड पिशवीत उभा ठेवा. वितळलेला शेक फ्रीझरमध्ये टाकून परत आणता येत नाही. घुसळलेली हवा गेलेली असते आणि बर्फकण मोठे होतात, त्यामुळे तो दगड तरी होतो नाहीतर चुरा.

वनस्पती दुधांत शेकला ओटचं दूध सर्वांत सोपं. त्यातल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे दाटपणा येतो, आणि बनवताना स्टार्चची साखर होत असल्याने ते मुळातच गोड असतं, म्हणून सिरप कमी लागतं. सोयाची प्रथिनं फेस चांगला धरतात, पण व्हॅनिलात सोयाची चव वर येते, तिथे चॉकलेट मागवा. बदामाचं दूध पातळ, त्याचं प्रमाण निम्मं करायला सांगा. नारळाच्या आइस्क्रीमची चरबी थंडीत कडक होते, ब्लेंडर जास्त वेळ चालवला की तिचे बारीक गोळे सुटतात आणि टाळूला चिकटतात. तो शेक स्पिंडलवर, आइस्क्रीम थोडं मऊ होऊ देऊन केलेला असावा. नुसतं दूध बदलून आइस्क्रीम नेहमीचंच घालतात असंही होतं. त्यामुळे मागवतानाच विचारा की आइस्क्रीमही दुधाशिवायचं आहे ना, आणि डबा कोणत्या भांड्यांबरोबर धुतला आहे.